धाकू भोईर अफू खात नव्हता

मला गोंधळ सहन होत नाही. माझी बायको जया म्हणते, ज्याला गोंधळ सहन होत नाही त्याच्याच दारात तो रोज येऊन बसतो, आणि माझ्या बाबतीत तरी ते खरं ठरलं. छप्पन साली मी ठाण्याला दारूबंदी खात्यात कारकून होतो. दारूचं टेबल दुसऱ्यांकडे होतं, माझ्याकडे अफूचं. ते मला मनापासून आवडायचं, कारण सगळ्या कचेरीत तेवढी एकच यादी अशी होती की जी दरसाल आपोआप लहान होत जायची.

योजना सरळ होती. अफूची सवय असलेल्याने एकदा डॉक्टरपुढे उभं राहायचं, नाव नोंदवायचं आणि परवान्यावर दर महिन्याला सरकारी दुकानातून ठरलेली अफू न्यायची. नवीन नावं बंद. जुन्यांच्या मापातून दरवर्षी दहावा हिस्सा कापायचा, म्हणजे दहा वर्षांनी हातात काही नाही. आमचे साहेब हे फार छान समजावून सांगत. "चोरटा माल पकडणं पोलिसांचं काम. आपलं काम मागणी कमी करणं. दुकानाला एकदम कुलूप लावलं तर माणूस मागच्या दाराने जातो. त्याला एकेक पायरी उतरवायचा." मला ते पटलेलं होतं. अजूनही पटतं, म्हणून तर डोकं जास्त दुखतं.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी कळव्याचा धाकू भोईर माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, सगळा जन्म मिठागरात गेलेला. पायाच्या भेगांत मीठ बसून बसून त्या पांढऱ्या झालेल्या. सात वर्षं तो न चुकता परवाना घेऊन यायचा. कधी हुज्जत नाही, कधी वाढवून मागणं नाही. बाकीचे दर एप्रिलात कपातीच्या वेळी शिव्या घालत, रडत, पाया पडत. हा फक्त मान हलवायचा. मी त्याचं उदाहरण इतरांना द्यायचो.

"सायेब," तो म्हणाला, "माजा नाव काढ नि आवडीचा लाव."

आगरी माणूस कलेक्टरलाही तू म्हणतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण हे काय बोलतोय ते कळेना.

"आवडी कोण?"

"माजी बायको. आवडाबाई. तीच खाते. मी नाय खात."

"आता सोडलीत?"

"कवाच खाल्ली नाय."

मी पेन खाली ठेवलं. सात वर्षं या माणसाच्या नावापुढे मी मोठ्या अभिमानाने एकेक भाग कापत आलो होतो, दहातले तीन उरले होते, आणि हा म्हणत होता की त्याने अफूची चवसुद्धा घेतलेली नाही. मला राग आला. राग आला की माझा आवाज बारीक होतो. त्या बारीक आवाजात मी विचारलं, "मग नाव कशाला दिलंत?"

धाकूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलतोय.

"दवंडी पिटली तवा सांगला, ज्याच्या घरान अफू खातात त्याने नाव द्यावा. घराचा नाव म्हंजे माजा नाव. रेशनच्या कार्डाव कोनाचा हाय? माजा. मिठागराच्या कागदाव? माजा. मंग अफूच्या कागदाव बायकोचा कसा टाकू? लोक काय बोलतील?"

"आणि डॉक्टरने तपासलं नाही तुम्हाला?"

"तपासला ना. डोले उघडून बघला. बोलला, लाल हायत. मी बोललू, हो, लाल हायत. किती वरसां झाली, बोलला. मी तिची सांगली."

मिठागरात काम करणाऱ्या कुणाचेही डोळे लालच असतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पांढऱ्या मिठावर दिवसभर नजर ठेवायची, तर दुसरं काय होणार? पण डॉक्टर बहुधा बाहेरगावचा होता. त्याने लाल डोळे पाहिले, वर्षं ऐकली आणि 'जुना व्यसनी' असं लिहून सही केली. त्या सहीवर आमचं अख्खं खातं उभं होतं.

मग मी विचारलं, आजच का सांगताय? तेव्हा धाकू बाकावर बसला. पोटात गाठ आहे, म्हणाला. सिव्हिल हॉस्पिटलातल्या डॉक्टरने होळीपर्यंतचा वायदा दिला होता. घर पुतण्याच्या नावावर करून झालं होतं, दोन शेळ्या शेजारच्या काळुरामला दिल्या होत्या, राहता राहिला हा परवाना. "मी गेलू का तिला कोन देल?" तो म्हणाला. "तिची आय मिठागरान जायची तवा तिला बालपनापासून गोली देऊन निजवायची. मंग मोठेपनी सुटली. मंग आमची तीन पोरां गेली, एकामागे एक. तवा परत लागली. ती काय मजेसाठी खात नाय, सायेब."

कपातीचं काय करायची ती, असं मी विचारलं. धाकू म्हणाला, दर एप्रिलात मी घरी जाऊन सांगतो की सरकारने यंदा इतकी कापली. पंधरा दिवस ती भांडी आपटते, माझ्याशी बोलत नाही. मग निवते. म्हणजे आमचा तक्ता बरोबर चालला होता. पायऱ्या उतरणं चालू होतं. फक्त उतरत होती ती बाई आमच्या कागदावर कुठेच नव्हती, आणि कागदावर होता तो माणूस कधी जिना चढलाच नव्हता. मी धाकूला म्हणालो, दोन दिवसांनी या. खरं तर मला डोक्यावर गार पाणी घ्यायचं होतं.

साहेबांकडे मी सरळ गेलो नाही, आडून गेलो.

"समजा साहेब, एखादा परवानाधारक म्हणाला की तो अफू खातच नाही, तर?"

"उत्तम. परवाना रद्द. आकडा एकाने खाली."

"पण त्याच्या घरात दुसरं कोणीतरी खातं."

"त्याचा परवाना आहे?"

"नाही."

"मग तो खात नाही," साहेब म्हणाले. त्यांनाही ते जरा विचित्र वाटलं असावं. "म्हणजे कायद्याने खात नाही. खात असेल तर गुन्हा आहे, आणि आणून देणाऱ्याचाही गुन्हा आहे."

"नवीन नाव?"

"नोंदणी बंद आहे."

"आजाराच्या कारणाने वेगळा परवाना मिळतो ना?"

"मिळतो. आजार काय?"

"अफू."

"तो आजार नाही, गोपीनाथ. तो नोंदणीचा विषय आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो. "हे सगळं समजाच आहे ना?"

"समजाच आहे, साहेब."

"मग समजाच राहू दे."

दोन दिवसांनी धाकू आला नाही, आठवड्यानेही नाही. शेवटी मीच एका रविवारी खाडीपूल ओलांडून चालत कळव्याला गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो, की बाबा रे, नियम असा आहे, माझ्या हातात काही नाही. धाकू पडवीत चटईवर पडून होता, गुडघे पोटाशी घेऊन. आवडाबाई बाहेर आली. उंच, काटक बाई, हाताची कातडी मिठाने फाटलेली. तिने मला गुळाचा चहा दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या घरात अफू हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. ती त्याला 'धाकूचं कार्ड' म्हणायची, आणि धाकू 'ती गोली' म्हणायचा.

ती आत गेल्यावर मी खालच्या आवाजात म्हणालो, "धाकूबाबा, एवढं दुखतंय तर तुम्हीच थोडी घ्या की. तुमच्याच नावाची आहे. दुखणं कमी होईल."

"नको. मी खाल्ली तर तिला कमी परल."

"अहो, पण परवाना तुमचा आहे."

"परवाना माजा हाय," तो म्हणाला, "दुखना पन माजा हाय. गोली तिची हाय."

ज्याच्या नावावर अफू होती आणि ज्याला तिची खरोखर गरज होती, तो ती घेत नव्हता, कारण ती त्याची नव्हती. जिची होती तिला ती घ्यायचा अधिकार नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोर कोण आणि संन्यासी कोण हेच मला ठरवता येईना. मी जुळवून आणलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "मी बघतो." कारकुनाच्या तोंडच्या 'बघतो'ला काय किंमत असते ते सगळ्या ठाणे जिल्ह्याला ठाऊक आहे. धाकूला ते ठाऊक नसावं, कारण त्याने माझा हात धरला आणि आवडाबाईला हाक मारून सांगितलं, "सायबानं शबूद दिलाय."

त्यानंतर तीन महिने तो कसाबसा येऊन माल नेत राहिला, मार्चात आला नाही. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो गेला. काळुराम तालुक्याच्या कामाला आला होता, त्याने कचेरीत येऊन सांगितलं. नियमाप्रमाणे मी त्याच क्षणी नाव कापायला हवं होतं. मी वही उघडली. धाकू भोईर, कळवा. मग मी लिहिलं: 'अंथरुणास खिळलेला, हजर राहू शकत नाही. माल पत्नी नेईल.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. आणि काळुरामला म्हणालो, आवडाबाईंचं सुतक फिटलं की त्यांना सांग, कार्ड घेऊन माझ्याकडे या.

ती एप्रिलात आली. कार्ड पुढे केलं, मी चिठ्ठी दिली, ती दुकानावर गेली. असं दोन वर्षं चाललं.

ती दोन वर्षं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. कचेरीत कोणी कळव्याचं नाव घेतलं तरी मी वही मिटायचो. तपासणीवाले आले की मी आजारी पडायचो, खरोखर ताप यायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मला फार बरंही वाटायचं. सत्तावन्नच्या एप्रिलात मी त्या मेलेल्या माणसाचा दहावा हिस्सा कापला, अठ्ठावन्नच्या एप्रिलात आणखी एक कापला, आणि दोन्ही वेळा मनात म्हणालो, एकेक पायरी उतरते आहे बाई. कधी तिला यायला उशीर झाला की मी बेचैन व्हायचो. काळुरामला शोधून निरोप धाडायचो. एकदा तर एका आठवड्यात तीनदा धाडला. जयाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं नक्की काम काय हो? लोकांची अफू सोडवणं, का घरपोच करणं?" मी त्या रात्री तिच्याशी बोललो नाही.

एकोणसाठचा मार्च आला. शेवटचा महिना. एक एप्रिलला यादी कोरी होणार होती आणि साहेबांना तो दिवस साजरा करायचा होता. गावातली मंडळी बोलवायची, दोन शब्द बोलायचे आणि सवय सुटलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला हार घालायचा. साहेबांनी माझी वही मागवली, तासभर पानं उलटली आणि खूश होऊन मला बोलावलं.

"हा बघा. कळव्याचा धाकू भोईर. दहा वर्षांत एक तक्रार नाही, एक अर्ज नाही. याचाच सत्कार करू."

"साहेब, तो अंथरुणाला खिळलेला आहे."

"मग आपण त्याच्या घरी जाऊ. गुरुवारी. हार तुम्ही घ्या."

मी हो म्हणून बाहेर आलो आणि पाणी प्यायलो. दौलत शिपायाने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, वाटतंय. मला काय वाटत होतं ते मलाच सांगता आलं नसतं. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आणि कधीच अफू न खाल्लेल्या माणसाला, त्याने अफू सोडली म्हणून, मी गुरुवारी हार घेऊन जाणार होतो.

मंगळवारी आवडाबाई आली. या खेपेला तिच्या हातात कार्ड होतं आणि एक पत्र्याचा डबाही होता. मी तिला मागच्या व्हरांड्यात नेलं, बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. यादी संपते आहे, साहेब घरी येणार आहेत, हा शेवटचा महिना, आता पुढे तुम्हाला कशी मिळेल मला माहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

मी झाकण उघडलं. आत सरकारी दुकानाच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या. दोन वर्षांच्या सगळ्या, जशा नेल्या तशा, दोरासुद्धा न सोडलेल्या. मी घाईने झाकण लावलं. भिंतीपलीकडे साहेब कोणाला तरी मागणी म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

"हे काय?"

"तुजी हाय. तुला देऊन टाकते."

"तुम्ही खाल्ली नाहीत?"

"तो गेला तवापासून नाय."

"मग दर महिन्याला येत का होतात?" माझा आवाज पुन्हा बारीक झाला होता.

"तू बोलवायचास." तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला हसावं की ओरडावं ते कळेना. "काळुरामला चार-चारदा धाडायचास. धाकू बोलला होता, सायबानं शबूद दिलाय, त्याला नाय बोलू नको. मना वाटला, तुलाच गरज हाय देयाची. मंग घेऊन जायची नि ठेवून देयाची."

म्हणजे दोन वर्षं आमच्या तालुक्यात अफूची जी मागणी होती, त्यातली एवढी तरी माझी स्वतःची होती. मी डबा बाकाखाली सरकवला. मग विचारलं, सुटली कशी?

"तो गेला त्या दिवशी घरान एक गोली नव्हती," ती म्हणाली. "कार्ड त्याच्या उशाखाली. हात लावायचा धीर झाला नाय. बारा दिस पडून होते. अंग मोडून यायचा, हात कापायचे, घाम सुटायचा, नाका-डोल्यांतून पानी, पोटान अन्न ठरायचा नाय. बाया बोलल्या, धाकूसाठी दुख करते, करू द्या. मना पन तसाच वाटला. तेराव्या दिसाला उठले तर काय नाय. अंग हलका. रडू पन नाय. तवापासून एकदा रडले नाय मी." मग खाली बघत म्हणाली, "दोन वरसां इचार करते, सायबा. बारा दिस जा दुख केला, त्यातला त्याच्यासाठी किती नि गोलीसाठी किती. कोनाला इचारू?"

मी आत जाऊन वही घेऊन आलो, आणि तिच्यासमोर उघडली.

"आता त्यांचं नाव काढायला हवं," मी म्हणालो. "तारीख लिहावी लागेल."

"आज गेला असा लिवशील?"

तसं लिहिलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. साहेबांचा हार तेवढा वाया गेला असता. दोन वर्षं खोटं लिहून झालं होतं, त्यात आणखी एक ओळ. मी तिच्याकडे पाहिलं. ती वाचता न येणाऱ्या डोळ्यांनी त्या पानावर त्याचं नाव शोधत होती. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं, आणि पुढे खरी तारीख लिहिली, सत्तावन्न सालच्या शिमग्याच्या आदल्या दिवसाची. त्या एका ओळीपायी पुढे माझी बढती गेली आणि बदलीही झाली, पण ते आत्ता सांगण्यात अर्थ नाही.

"वाच, काय लिवलास," ती म्हणाली.

"धाकू भोईर, राहणार कळवा. मयत."

मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग मोठ्याने, व्हरांड्यातले लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने. दौलत धावत आला, त्याला मी हाताने परत पाठवलं. तिने डोळे पुसले नाहीत. उलट हात पुढे करून ती आपले हात बघत होती, कापतात का ते. ते कापत नव्हते. मग तिने कपाळावरून हात फिरवला, घाम नव्हता.

"हा रडना त्याचाच हाय," ती मला म्हणाली, आणि मोकळेपणाने रडत राहिली.